मॅडमचा पाय आणि गाडीचा दम

आमची डिझेल गाडी जुनी आहे. मी वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्ध्याजवळच्या आमच्या सिंदी मेघेहून तिथं जायला बस बदलाव्या लागतात, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. नवऱ्याचं ऑफिस वर्ध्यातच, त्याला स्कूटर पुरते. त्यामुळे गाडी रोज मी चालवायचे आणि तिच्याबद्दलची मतं तो बाळगायचा.

मागच्या हिवाळ्यात गाडीचा दम गेला. एकदा वेगात आली की ठीक धावायची, पण सावकाश चालताना उचल घ्यायची म्हटलं की बसून राहायची. रेल्वेच्या उड्डाणपुलावर पुढे ऑटो आला, वेग कमी केला आणि पुन्हा रेस दिली की इंजिन विचारात पडायचं. मागून हॉर्न सुरू व्हायचे. मग आरपीएमची सुई दोन हजारांच्या पुढे सरकली की गाडी अचानक उसळायची आणि मला ब्रेक मारावा लागायचा.

जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं.

"तू वरचा गिअर लवकर टाकून राह्यली असशील," तो पोळी मोडत म्हणाला.

"पूल तोच, गिअर तोच. आधी तर चढत होती."

"आधी तू नवीन शिकली होती. भीतीनं नीट चालवत होती. आता सवय झाली."

शेजारचे काका सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी कालवे बांधले. पण इंजिनिअर तो इंजिनिअर, म्हणून नवऱ्यानं त्यांना विचारलं. मी चहाचा ट्रे घेऊन समोरच उभी होते. काकांनी कप माझ्या हातून घेतला आणि उत्तर नवऱ्याला दिलं. "लेडीज लोकं क्लच अर्धा दाबून ठेवतात. प्लेट जळते मग. मॅडमले सांगजो जरा."

रविवारी दोघं गाडीची परीक्षा घ्यायला नागपूर रोडला गेले. परत आले ते खुशीत. गाडी फर्स्ट क्लास होती म्हणे.

"पुलावर हळू करून पाह्यली का?" मी विचारलं.

"मोकळ्या रस्त्यावर कशाले हळू करायची?" नवरा म्हणाला. काकांनाही प्रश्न विचित्र वाटला असावा.

तरी गाडी गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकनं नवऱ्याला विचारलं, "चालवते कोण?"

"मिसेस."

"मग क्लच."

तपासणी तिथंच संपली. नवा क्लच बसवला गेला. सोमवारी त्याच पुलावर गाडी तशीच बसली. जुन्या प्लेटबद्दल मेकॅनिक म्हणाला की ती अजून चालली असती, पण बदलली ते बरंच झालं. नवऱ्याचा निष्कर्ष वेगळा होता. "म्हणजे आता गाडीत तं काही दोष नाई राह्यला," तो म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

मला राग आला. पण खरं सांगायचं तर थोडी शंकाही आली. रोज तीन माणसांनी एकच गोष्ट सांगितली की आपला पाय आपल्यालाच परका वाटायला लागतो. दुसऱ्या दिवशी गारठा असूनही मी खिडक्या उघड्या ठेवून पुलावर गेले. कठड्यावर आपटून गाडीचा आवाज परत येत होता. रेस दाबली तशी 'फुस्स' ऐकू आली. पाय सोडला, बंद. पुन्हा दाबला, पुन्हा फुस्स. घरासमोर उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी तो आवाज येईना. इंजिनवर ओझं पडलं तरच यायचा.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं मला ठाऊक होतं. ती हवा वाटेतच सांडत असेल तर सुरुवातीला दम कुठून येणार?

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी एकटीच गॅरेजमध्ये गेले.

"साहेब नाई आले?" मेकॅनिकनं विचारलं.

"साहेबांले काही झालं नाई. गाडीले झालं."

"मॅडम, क्लच टाकल्यावर आम्ही कॉम्प्युटर लावून पाह्यला. काई दाखवून नाई राह्यला."

"कुकरचं रबर चिरलं तर शिट्टी होत नाई. गॅस मोठा केला की उशिरा का होईना, होते. तसं आहे हे. हवा कुठंतरी निघून राह्यली."

"होऊ शकते," तो म्हणाला, पण आनंदानं नव्हे.

त्यानं टर्बोच्या पाइपाचं एक तोंड बंद केलं आणि दुसरीकडून बेतानं हवा सोडली. घरच्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर तपासतात तसं मी साबणाचं पाणी शिंपडत गेले. वरच्या जोडांवर एकही बुडबुडा येईना. तो रस्त्याकडे बघायला लागला. माझे कान तापले. पण मग कंटाळून का होईना, त्यानं गाडी जॅकवर घेतली आणि पाइपाखाली हात घातला. हात तेलकट निघाला. मी तिथं पाणी मारलं आणि फेस उसळला. पाइप खालच्या पट्टीवर घासून चिरला होता.

"क्लचमुळे?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला.

नवा पाइप नागपूरहून आला. तो बसवल्यावर पुलावर पुढे ऑटो आला, मी वेग कमी केला, रेस दिली आणि गाडी निमूट चढली. गाडीत मी एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले.

पाइपाचं मी घरी सांगितलं नव्हतं. रविवारी नवऱ्यानं चक्कर मारली. "पाह्य, क्लचचा फरक पडला का नाई?"

मी चिरलेला पाइप त्याच्या कपाशेजारी ठेवला. त्यानं चिरेत बोट घालून पाहिलं. "हे मेकॅनिकले पह्यलेच दिसायले पाह्यजे होतं."

"दिसलं असतं. तुम्ही 'मिसेस' म्हणाले नसते तर."

तो खाली बघून हसला आणि दोष कसा सापडला ते सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं. त्या दिवशी गाडीबद्दल त्यानं आणखी मत दिलं नाही.

परवा मी आत उत्तरपत्रिका तपासत होते. बाहेर फाटकाशी काका नवऱ्याला सांगत होते की जावयाची गाडी पिकअप घेत नाही, लेक चालवते ना.

"लेक चालवते म्हणून गाडीत दोष राहू नाई शकत का, काका?" नवरा म्हणाला. "खिडकी उघडून पुलावर चढवा. आवाज येते का पाहा. कुकरचं रबर माहीत आहे ना?"

"तुले एवढं कसं काय समजते रे?"

"अभ्यास आहे," नवरा म्हणाला.

मी हातातला पेन थांबवून ऐकत राहिले. साबणाच्या पाण्यापर्यंत सगळं त्यानं अगदी बरोबर सांगितलं.