शेजाऱ्यांची सुशीला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हाही नाही. एका व्यक्तीला सांगायची गरजच नाही, कारण ती तिथे माझं बोट धरून उभी होती. तिच्याशीही मी यावर कधी बोललो नाही.

शारजातल्या आमच्या मराठी मंडळात माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे. "काय मोठ्या मनाचा माणूस!" केनियाच्या नर्सशी लग्न केलं, मुलीचे केस स्वतः विंचरतो, कुठे कमीपणा वाटून घेत नाही. हे ऐकलं की माझं डोकं तडकतं. मोठं मन? स्वतःच्या बायकोशी संसार करायला मोठं मन कशाला लागतं? ती काय माझ्या घरी दया म्हणून आलेली आहे? — पण थांबा. या लोकांवर चिडणं सोपं आहे. मी ते वाक्य दर वेळी हसून, मान थोडी खाली घालून ऐकून घेतो. राग यायला हवा तो याचा.

मी बांधकामाच्या कंपनीत मोजमापाचं काम करतो. भिंत कागदावर असेल आणि साइटवर नसेल, तर मी सही करत नाही. कंत्राटदार मला कंटाळलेले आहेत. "साहब, थोडा एडजस्ट करो," म्हणतात, आणि मी करत नाही. खोटं आकडेमोडीत लगेच दिसतं, म्हणून मला ते सहन होत नाही, असं मी लोकांना सांगत आलो. हे सांगणारा माणूस कोण, ते आता ऐका.

ग्रेसची माझी ओळख हॉस्पिटलात झाली, साइटवर पाय मोडला होता तेव्हा. लग्न झालं. माझ्या आईवडिलांनी ते मान्य केलं, पण सांगलीत त्याचा गाजावाजा होणार नाही इतपतच. मुलगी झाली तेव्हा नाव ग्रेसने ठरवलं. तिच्या लोकांत पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात. त्यात विचारायचं काही नसतं. माझ्या आईचं नाव सुशीला. म्हणून मुलगी सुशीला. मी म्हटलं, जुनाट वाटतं ग, शाळेत पोरं हसतील. ग्रेस हॉस्पिटलात शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "तेरी माँ का नाम है. हँसने दो." 

ग्रेसच्या ड्युट्या आडव्यातिडव्या. शुक्रवारी सकाळी मी घरी असायचो, म्हणून सुशीचे केस माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी आईला बहिणीची वेणी घालताना पाहिलं होतं तसंच केलं — कोरड्या केसांवर तेल चोपलं आणि फणी मुळापासून खाली ओढली. पोर किंचाळली. ग्रेस धावत आली, माझ्या हातातून फणी घेतली आणि सरळ कचऱ्यात टाकली. मग तिने मला शिकवलं. आधी पाणी. मग क्रीम. गुंता बोटांनी सोडवायचा, मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून हळूहळू वर न्यायचा. तेल सगळ्यात शेवटी आणि ओल्या केसांवरच, म्हणजे पाणी आत राहतं; नाहीतर इथल्या एसीने केस गवतासारखे होतात. रात्री सॅटिनचा रुमाल, कारण सुती उशी सगळं तेल पिऊन टाकते.

मला ते जमलं. भांग तर असा सरळ पडायचा की ग्रेस म्हणायची, दोरी लावून पाडलास काय. ओले केस पाठीपर्यंत यायचे आणि वाळले की कानाशी गोळा व्हायचे. सुशी एक बट ताणून सोडायची आणि ती उडी मारून परत गेली की खिदळायची. मला त्या केसांचा अभिमान होता — हे लिहितोय ते लक्षात ठेवा. मला ते केस आवडत नव्हते म्हणून पुढचं घडलं असतं, तर निदान ते समजण्यासारखं तरी होतं.

ग्रेसचे स्वतःचे केस नर्सिंग स्कूलपासून रसायनाच्या क्रीमने सरळ केलेले. तिथल्या मेट्रनला टोपीखाली दुसरं काही चालत नव्हतं. "माझं झालं ते झालं," ती म्हणायची, "सुशीच्या डोक्याला मोठी होईपर्यंत ती क्रीम लागणार नाही." तिच्या टाळूवर त्या क्रीमने भाजल्याचा एक जुना डाग होता. तो ती मला दाखवायची.

सुशी आठ वर्षांची असताना मंडळाचं संमेलन होतं. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. ग्रेस ड्युटीवर. मी सुशीला घेऊन गेलो. तिने परकर-पोलकं घातलं होतं आणि केस मोकळे हवेत म्हणून हट्ट धरला होता, म्हणून मोकळेच ठेवले होते. या कानापासून त्या कानापर्यंत गोल. त्यात मी मोगऱ्याचा गजरा माळला होता. देखणी दिसत होती माझी मुलगी.

तिथे नाना भेटले. नाना म्हणजे वडिलांच्या ऑफिसातले, सांगलीत आमच्याच आळीत राहणारे. मुलाकडे दुबईला आले होते, कुणीतरी कार्यक्रमाला आणलं होतं. मी पाया पडलो. त्यांनी सोन्याचा भाव विचारला, मी दिरहममध्ये सांगून तिथल्या तिथे रुपयांत करून दिला. ते खूश झाले. बरोबर आलेल्या दुबईच्या लोकांना म्हणाले, "पोरगं पहिल्यापासून हुशार हो!" मी पस्तिशी ओलांडलेला माणूस, आणि त्या शाबासकीने फुललो. मग त्यांची नजर खाली गेली.

"आणि ही कोण रे? डोक्यावर काय हे — सुगरणीचं घरटं?"

त्यांच्याबरोबरचे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "शेजाऱ्यांची आहे. आई ड्युटीवर आहे तिची, म्हणून घेऊन आलो."

हे ते वाक्य. पाहिलंत? आई ड्युटीवर होती, हे खरं. म्हणून घेऊन आलो, हेही खरं. मी खोट्यालासुद्धा खऱ्याचा टेकू नीट देतो.

कुणी गळ्याला सुरी लावली होती का? नोकरी जाणार होती? नानांचा माझ्याशी संबंध काय — एक म्हातारा माणूस, तासाभराने निघून जाणार! तरी ते वाक्य माझ्या तोंडातून असं गुळगुळीत आलं, जणू आधीपासून तयार ठेवलं होतं.

नाना वाकले. "नाव काय ग बाळ तुझं?"

सुशी घरी इंग्रजीतच उत्तरं द्यायची, पण मराठीचा तिला शब्दन् शब्द कळायचा. नाव विचारलं की बापाचं नाव आणि आडनाव धरून पूर्ण सांगायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग नानांकडे पाहून नुसतं म्हणाली, "सुशीला."

बापाचं नाव गाळलं. आठ वर्षांच्या पोरीने मला सांभाळून घेतलं.

"अरे वा! वहिनींचंच नाव की रे!" नाना म्हणाले.

"हो ना," मी म्हणालो. "योगायोग."

त्यानंतर आम्ही मसालेभात खाल्ला. 

पुढच्या शुक्रवारी मी पाण्याची बाटली घेऊन बसलो, तेव्हा तिने डोकं बाजूला घेतलं. "बाबा, मेक इट स्ट्रेट."

मी म्हटलं, ममाला नाही आवडणार. "देन पीपल विल नो दॅट आयॅम युअर्स," ती म्हणाली. रडत नव्हती. एखाद्या गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी म्हणालो, "बघू."

ग्रेसने साफ नाही म्हटलं. मग सुशी रुमाल बांधेना, पाणी लावू देईना, आणि एक दिवस तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कपाळावरचे केस कापून टाकले. ग्रेसने तिला मांडीवर घेऊन विचारलं, "कौन बोला? टेल मी, किसने बोला?" सुशीने तोंड उघडलं नाही. मी दारात उभा होतो. ग्रेसने स्वतःच उत्तर काढलं — शाळा. आणि शाळेत कोण? प्रीती.

प्रीती तिसऱ्या मजल्यावरची, सुशीच्या बाकावर बसणारी, तिची एकुलती एक जिवलग मैत्रीण. वर्गात ती सुशीच्या केसांत पेन्सिली खोचायची, त्या पडत नाहीत म्हणून दोघी हसायच्या. सुशीनेच ते घरी कौतुकाने सांगितलं होतं. आता तोच पुरावा झाला.

ग्रेस जिना उतरून त्यांच्या दारात गेली. मी मागे. प्रीतीची आई हातातलं पीठसुद्धा धुवायला न जाता आली. "भाभी, क्या हुआ? बच्चे लोग हैं, खेलते हैं." प्रीती आईच्या मागून रडत म्हणाली, "आंटी, शी लाइक्स इट! पूछो उसको!"

इथे मी गप्प राहिलो असतो, तरी पाप झालंच असतं. पण मी गप्प राहिलो नाही. मी पुढे झालो. आवाज चढवला. म्हणालो, "घर में क्या सिखाते हो आप बच्चों को? किसी के रंग पे, बालों पे हँसना?" सगळ्या मजल्याची दारं उघडली. माझा आवाज थरथरत होता. काय सात्त्विक संताप! ग्रेसने माझा हात धरला. घरी आल्यावर म्हणाली, तू असा बोललास, मला फार बरं वाटलं.

सुशी आमच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

त्या मुलीचं त्या घरातून आमच्याकडे येणं संपलं. वर्षभरात ते लोक अबू धाबीला गेले. एका निरपराध पोरीला मी माझा गुन्हा चिकटवला आणि वर तिला भाषणही ऐकवलं.

शेवटी ग्रेस हरली. कात्रीपेक्षा मी नीट करते, म्हणाली. तिने सुशीच्या टाळूला, कानांना व्हॅसलीन लावलं, हातमोजे घातले, मुळांपासून जरा वर क्रीम लावत गेली. घड्याळ माझ्याकडे दिलं, कारण वेळ मोजण्यात माझ्यावर विश्वास. अमोनियासारख्या वासाने बाथरूम भरलं. "बाबा, इट्स बर्निंग," सुशी म्हणाली. ग्रेसने घाबरून माझ्याकडे पाहिलं. वेळ व्हायची होती. मी म्हटलं, "थोडं अजून, बेटा." मग धुतलं; क्रीमबरोबर आलेल्या शॅम्पूचा फेस गुलाबीचा पांढरा होईपर्यंत धुतलं, कारण गुलाबी आहे तोवर क्रीम आत आहे. केस सरळ झाले. कानामागे एक फोड आला. ग्रेस तो पाहून बाथरूमचं दार लावून रडली.

मग ते दर दोन महिन्यांनी. खालून नवे केस कुरळे यायचे, वरचे सरळ, आणि जिथे दोन्ही जुळतात तिथेच तुटायचे. कपाळाच्या दोन्ही बाजू विरळ झाल्या. मंडळातल्या बायका म्हणायच्या, "आता कशी छान दिसते ना, अगदी आपल्यातली!" मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. आपल्यातली! पण कोणत्या तोंडाने आपटणार होतो?

कॉलेजला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात सुशीने ते थांबवलं. शारजातल्याच अल मजाज भागातल्या आमच्या घरात, हॉलमध्ये, स्टुलावर बसली आणि आईला म्हणाली, सगळे सरळ केस काप, जेवढे माझे आहेत तेवढेच ठेव. ग्रेसने कापले. बोटाच्या पेराएवढे उरले. ग्रेस हसत होती, डोळे पुसत होती, मध्येच हात तिच्या डोक्यावरून फिरवत होती. आणि सहज तिने विचारलं, "अब तो बता. प्रीती ही थी ना?"

सुशी मराठीत म्हणाली, "नाही. प्रीती नव्हती."

कात्री थांबली. "फिर कौन?"

"जाऊ दे ना, ममा."

सुशीने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, मुद्दामच पाहिलं नाही — पुन्हा एकदा मला सांभाळून घेतलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. ग्रेस माझ्याकडे वळली. "तुझे पता था?"

इतकी वर्षं गेली होती. नाना वारले होते. आता कशाची भीती होती? कोणाची? मी म्हणालो, "नाही."

ग्रेसने मान हलवली. "तुला कसं माहीत असणार," ती म्हणाली. "या घरात तिचे केस न दुखवता सोडवणारा तू एकटाच होतास." आणि ती पुन्हा मुलीच्या मानेवरचे केस कापायला लागली.

मी ते ऐकून घेतलं.