पिपातली पिंपळपानं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते पीप. मोरीशेजारचं निळं प्लास्टिकचं पीप आणि त्यात कुजत घातलेली पिंपळाची पानं. सख्खा थोरला भाऊ गेला आणि मी ऑफिसच्या खुर्चीत बसून चिडलोय, की हे आता कोण निस्तरणार... इतके आठवडे हे कुणाजवळ बोललो नाही. मुळात मी बोलणाऱ्यांतला नाही.

दादा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. सोलापूरहून रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करायचा. पण इथं आमच्या वस्तीत त्याला ओळखायचे ते बुद्ध पौर्णिमेच्या कंदिलामुळं. विहाराच्या दारातल्या त्या कंदिलाला विकतचा कागद कधी लागला नाही. तुराट्यांचा सांगाडा आणि त्यावर पिंपळपानांच्या जाळ्या. नवी पालवी फुटायच्या आधी दादा सायकलवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायचा. तिथं एका बंद कारखान्याच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय. त्याची निबर पानं पोतंभर आणायची आणि पाण्यात टाकून ठेवायची. महिनाभरात पानाचा गर सडतो. मग एकेक पान ताटलीतल्या पाण्यात धरून मऊ ब्रशनं घासायचं, म्हणजे मागं नुसती शिरांची जाळी राहते. सांगायला छान वाटतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या पिपाचा वास ज्यानं सोसलाय त्याला विचारा. वहिनी नाकाला पदर लावून म्हणायच्या, "एका रातीच्या उजेडासाठी आमी महिनाभर हितं नाक धरून बसायचं व्हय?" दादा हसायचासुद्धा नाही. हातातलं पान फाटेल म्हणून.

मी कॉलेजात असताना तो मला जबरदस्तीनं घासायला बसवायचा. हाताचा वास साबणानं जायचा नाही. एके दिवशी वर्गात शेजारचा पोरगा नाक मुरडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवशी घरी आलो आणि पहिल्याच पानाच्या मधल्या शिरेत मुद्दाम अंगठ्याचं नख रोवलं. जाळी उभी फाटली. मग दुसरी, मग तिसरी... दादानं ताटली ओढून घेतली. "सोड. तुला न्हाय जमायचं. लई जड हात हाय तुझा." मी सुटलो. पुन्हा कधी त्या ताटलीसमोर बसलो नाही.

दादाला मात्र ते कायमचं खरं वाटलं. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाळाला बापाकडं दिऊ नगा, त्याचा हात जड हाय." सगळे हसले, मीही हसलो. आतून राग यायचा. एवढी बारीक जाळी सोडवणाऱ्या माणसाला सख्ख्या भावाची एवढी ढोबळ लबाडी दिसू नये? आणि आपणच खरं सांगून टाकलं, तर पुन्हा घासायला बसणं आलं. शेवटी शेवटी त्याला नीट दिसेना. यंदा पानं भिजत घातली त्या दिवशी मी तिथंच होतो. म्हणाला, "औंदा जोडीला कुणीतरी पायजे रं." मी पायानं चप्पल शोधायला लागलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वर मलाच समजावलं, "तुझं ऱ्हाऊ दे. तुझा काय दोष? हात हाय तसा हाय."

ते वाक्य अजून कानातून जात नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तोवर पानं तयार झाली होती. वहिनी म्हणाल्या, टाकून द्या. मीच हट्टानं बसलो, दादाच्या मुलाला, प्रशांतलाही बसवलं. तो पुण्याला नोकरीला असतो. खरं सांगतो, मी जिवापाड जपून घासत होतो, तरी माझी पानं फाटत राहिली. वय झालं, की सवय नाही, की दादा म्हणायचा तेच खरं... ज्याला विचारावं तोच नाही. अशी चीड आली की ब्रश भिंतीवर फेकला. तेवढ्यात प्रशांतनं एक फाटकं पान वर धरलं. "बघा काका, माझापण हात जडच. तुमच्यावर गेलोय मी!" ओले हात पँटला पुसत तो उठायला लागला. मी पान उजेडात धरलं. मधली शीर नेमकी नखाएवढी तुटली होती. त्याच्या चेहऱ्यावरची ती सुटल्याची खुशी... ती मी कुठंही ओळखली असती.

"खाली बस," मी म्हटलं. "तुझा हात जड नाही. माझाही नव्हता."

मग सगळं सांगितलं. वहिनी दारातच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मग त्यांनी भिंतीकडेला पडलेला ब्रश उचलला, धुतला आणि माझ्या ताटलीत ठेवला. "घासा आता," एवढंच म्हणाल्या.

कंदिलाच्या दोन बाजू यंदा उघड्याच राहिल्या. तेवढ्या जाळ्या आम्हाला जमल्याच नाहीत. पीप धुऊन उन्हात पालथं घातलंय, पण त्याचा वास गेलेला नाही. माझ्या हातांचाही नाही. परवा ऑफिसात शेजारच्यानं नाक मुरडून खुर्ची जरा लांब सरकवली. मी हात टेबलावर तसेच राहू दिले.