गुरुवारचा गेमिंग लॅपटॉप

शुक्रवार, सकाळच्या चहाची वेळ, भोसरीचं ऑफिस. हजर: आमचे मालक, म्हणजे सर, डिझाइन इंजिनिअर प्राजक्ता गायकवाड, आणि खरेदीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं बघणारी मी. गैरहजर: प्राजक्ताचा डेस्कटॉप. मदरबोर्ड जळाल्याने तो दुरुस्तीला गेला होता.

आमची कंपनी फिक्श्चर बनवते. गाडीच्या दाराचे पत्रे वेल्डिंग होईपर्यंत जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चौकट म्हणजे फिक्श्चर. प्राजक्ता ती आधी कॉम्प्युटरवर उभी करते, प्रत्येक बोल्टसकट. मग कस्टमर ते मॉडेल बघून होकार देतो. त्याला रिव्ह्यू म्हणतात.

मागच्या रिव्ह्यूला डेस्कटॉप कस्टमरच्या चाकणच्या कारखान्यात नेता आला नाही, म्हणून प्राजक्ताने मॉडेलचे फोटो नेले. कस्टमर म्हणाले, "इथे कापून आतलं दाखवा." फोटो कसा कापणार? शेवटी सरांनी फोन करून सांभाळून घेतलं आणि प्राजक्ताला सांगितलं, "या वेळी नीट झालं तर हे काम तुझं. नाहीतर यापुढे रिव्ह्यूला मी जाईन."

रिव्ह्यू पुढच्या गुरुवारी होता.

"गेमिंग लॅपटॉप घेऊया," प्राजक्ता म्हणाली.

सरांनी कप खाली ठेवला. "गेमिंग? आपण फिक्श्चर बनवतो की गेम?"

"सर, गेममधली गाडी झरझर फिरते ती ग्राफिक्स कार्डमुळे. आपलं मॉडेल फिरवायलाही तेच लागतं."

"माझ्या भाच्याकडे आहे तसला. किबोर्ड गणपतीच्या मांडवासारखा लुकलुकतो."

"लाइट बंद करता येतात," मी म्हणाले. करता येतात की नाही हे मला माहीत नव्हतं.

मी यादी केली. ग्राफिक्स कार्ड चांगलं हवं. रॅम भरपूर. पंखा दणकट, कारण ही मशीनं तापतात. सर्व्हिस सेंटर पिंपरी-चिंचवडमध्येच. बॅटरी टिकणारी. खास इंजिनिअरिंगसाठी बनवलेले लॅपटॉप आमच्या बजेटबाहेर होते, ते मी आधीच खोडले.

चिंचवडच्या दुकानातल्या सेल्समनने विचारलं, "मुलासाठी का, मॅडम?"

"कंपनीसाठी."

तो जरा गडबडला. मग त्याने रेसिंगचा गेम लावून दाखवला. गाडी सुसाट पळाली. "बॅटरी?" मी विचारलं. "आरामात पाच-सहा तास," तो म्हणाला. मी टिक केली. चार्जर पूर्ण वेळ लावलेलाच होता, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

गुरुवार. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. गाड्या जोडायची लाइन बंद असते, म्हणून कस्टमर बाहेरच्यांना त्याच दिवशी बोलावतात. मीही सोबत गेले. गेटवर सिक्युरिटीच्या काकांनी कॅमेऱ्यावर स्टिकर लावायला लॅपटॉप उघडला. किबोर्ड लाल, निळा, हिरवा पेटला.

"पोरी, ह्यो लॅपटॉप हाय का डीजे?"

"काका, अजून वाजवला नाही," प्राजक्ता म्हणाली.

आत कस्टमरचे इंजिनिअर पाटील साहेब लाइनपाशी उभे होते. प्राजक्ताने मॉडेल उघडलं, फिरवलं आणि ते अडखळलं. पुन्हा फिरवलं. स्क्रीनवरचं दार अर्ध्यात थांबलं, मग एकदम उडी मारून पुढे गेलं.

"मॅडम, हे अडकतंय," पाटील साहेब म्हणाले. "परत फोटोच बघायचे का?"

प्राजक्ताचे कान लाल झाले. ती माझ्याकडे वळली. "ताई, हा बॅटरीवर चाललाय. चार्जर नसला की ग्राफिक्स कार्ड हात आखडता घेतं. पाच-सहा तास म्हणजे सिनेमा बघायला."

मी सॉकेट शोधला. सापडला, पण त्यात लाइट नव्हती. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्ससाठी सगळ्या शेडची लाइट बंद करतात. लाइन बंद असते हे मला पाठ होतं. तिच्याबरोबर सॉकेटही बंद असतो, हे डोक्यात आलं नाही.

"साहेब, आज लाइट कुठे आहे?" मी विचारलं.

"जनरेटरवर फक्त गेटची केबिन."

मग रिव्ह्यू गेटवर झाला. काकांनी चहाची किटली काढून सॉकेट मोकळा करून दिला. पाटील साहेब दारात उभे, प्राजक्ता काकांच्या स्टुलावर, मी बाहेर. मॉडेल लोण्यासारखं फिरलं. पाटील साहेब म्हणाले, "इथे कापा." तिने कापलं. आतला एक क्लॅम्प, म्हणजे पत्रा दाबून धरणारा हात, वेल्डिंग करणाऱ्या रोबोटच्या वाटेत येत होता. तिने तो तिथेच सरकवून दाखवला.

"फोटोत हे दिसलं नसतं," ते म्हणाले. "करा पुढे. आणि यापुढे मेल तुम्हालाच पाठवतो. कार्ड द्या."

तिच्याकडे व्हिजिटिंग कार्ड नव्हतं. तिने गेटपासच्या मागे नंबर लिहून दिला.

"वाजला बगा डीजे," काका म्हणाले आणि किटली परत लावली.

सरांना आम्ही सगळं सांगितलं, सॉकेटसकट. ते म्हणाले, "ठीक. काम तिचं." मग लॅपटॉपकडे बघून, "ते लाइट बंद करणार होतात ना?"

माझ्या यादीत आता एक ओळ जास्त आहे: मशीन काय करतं ते चार्जर काढून बघावं, आणि जिथे न्यायचं तिथे लाइट आहे का ते फोन करून विचारावं.

प्राजक्ताची कार्डं मात्र अजून छापायची आहेत. नावाखाली पद काय लिहायचं ते सरांनी सांगितलेलं नाही. सोमवारी पुन्हा विचारते.