हजेरीतलं पंधरावं नाव

सोमवारी सकाळी अकरा वाजता कापड्याच्या वरच्या वाडीतल्या शाळेत माजी सैनिकांची हजेरी झाली. प्रत्यक्ष हजर मी एकटा होतो. बाकीची नावं मुलांनी वाटून घेतली होती.

ही कल्पना शाळेच्या बाईंची. प्रत्येक मुलाने वाडीतल्या एका निवृत्त सैनिकाचं नाव घ्यायचं. मी रोल कॉल घ्यायचा. मुलाने सावधान उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. पोलादपूरहून रिक्षाने आलो. गुडघे दुखत होते. बाईंनी खुर्ची दिली. रोल कॉल बसून घेत नाहीत, म्हणून उभा राहिलो.

यादीत चौदा नावं होती. चौदा वेळा ‘हजर’ आलं. तिसरीतली एक मुलगी बसूनच राहिली.

“तुझ्याकडे कोणाचं नाव?”

“कोनाचंच नाय.”

“तिचा आजा होता मिलिटरीत,” मागचा मुलगा म्हणाला. “पन लढला नाय तो. डायवर होता. गाडी पडली त्याची.”

“गप रे,” बाई म्हणाल्या.

आजाचं नाव शांताराम, हुद्दा नाईक. निवृत्त झाला नाही, म्हणून या यादीत नाही. अपघातात गेला, म्हणून शहिदांच्या फलकावरही नाही. तो माझ्या प्लाटूनमध्ये होता. मी मुलांना सांगायला सुरुवात केली.

जानेवारी होता. पुढच्या चौकीला रॉकेल आणि रेशन न्यायचं होतं. नऊ गाड्या. शांताराम तिसऱ्या गाडीवर, मी शेवटच्या गाडीत रेडिओ सेटवर. ०५४० वाजता तो माझ्याकडे आला.

“हवालदार, बर्फ हाय. टायरांना चेन चढवतो. धा मिनटं.”

“सहाला रस्त्यावरचं गेट बंद होतं. निघ.”

“निघतो. पन घरी सांगा, शांतारामानं कधी उशीर केला नाय म्हणून.”

०६२५ वाजता वळणापलीकडे तिसरी गाडी दिसेना.

“गाडी तीन, रिपोर्ट. ओव्हर.”

चार वेळा विचारलं. गाडी नाल्यात सापडली. संध्याकाळच्या रोल कॉलला त्याचं नाव यादीतून काढायचं माझ्याकडून राहिलं. सवयीने वाचलं. कोणी ओ दिली नाही. तीन सेकंद थांबलो आणि पुढचं नाव घेतलं.

सुट्टीवर आल्यावर त्याच्या घरी गेलो होतो. रस्ता खचला, एवढंच सांगितलं. चेनचं सांगितलं नाही.

मुलीची आजी याच शाळेत खिचडी रांधते. मी बोलायचा थांबलो तेव्हा ती दारात उभी होती. हातात डाव होता.

“रस्ता खचला म्हणून सांगितलंत तुमी तवा,” ती म्हणाली.

“हो. खोटं सांगितलं.”

तिने नातीकडे पाहिलं.

“नाव घ्या त्यांचं. मोठ्यानं घ्या. चुलीपाशी ऐकू येत नाय.”

ती आत गेली. बाईंनी यादीच्या खाली पेनने एक ओळ लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला.

“नाईक शांताराम,” मी वाचलं.

मुलगी उभी राहिली. टाचा जुळवल्या.

“हजर.”

अकरा पन्नास झाले होते. यादीत पंधरा नावं होती.