उन्हाआड ठेवलेली मुलगी

बाळंतपणानंतर बायको आणि मुलगी समुद्रकाठच्या दांडी गावात, माझ्या सासरवाडीतच होत्या. मी बोईसरला कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी जायचो. सासूबाई मुलीला तेल लावून सकाळच्या उन्हात बाजेवर निजवत. शेजारी दोऱ्यांवर बोंबील वाळत असत. दवाखान्याने सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंबही रोज दिले जात. बहुतेक बाळांना हे दोन्ही मानवतं.

तिला मानवलं नाही. ती दूध ओकू लागली, शी होईना, वजन उतरलं. पोर अशक्त झालं म्हणून सासूबाईंनी तिला आणखी वेळ उन्हात ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांना दाखवू, असं मी म्हणालो.

"मासळी काय नि पोर काय, उन्हाबिगर टिकत नाय, जावय. तुमच्या कंपनीच्या धुरात हाडा धरतील काय तिची?"

बायको हसली. मीही हसलो.

पुढच्या सुट्टीला मुलगी हलवली तरी डोळे उघडेना. पालघरच्या रुग्णालयात दाखल केली. रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि यकृत व मूत्रपिंडातली एन्झाइम त्याला कामाचं रूप देतात. ते दुधातलं कॅल्शियम रक्तात ओढतं, आणि जास्त झालेलं जीवनसत्त्व मोडून टाकायला आणखी एक एन्झाइम असतं. ते हिच्यात चालत नसावं. पुढे तपासणीत तेच निघालं. जनुकातला दोष निम्मा माझ्याकडून आला होता, निम्मा बायकोकडून. दोघांनाही आयुष्यात कसला त्रास झालेला नव्हता.

थेंब बंद झाले. ऊन बंद झालं. सलाइन आणि कमी कॅल्शियमचं दूध सुरू झालं. मूत्रपिंडात चुना साचू लागला होता. तो किती राहील हे डॉक्टरबाई सांगू शकल्या नाहीत.

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "म्हंजे मी तिला सुकवत होते," त्या म्हणाल्या. असं कुणाला कळणं शक्य नव्हतं, असं डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. मी खाली जाऊन औषधं घेऊन आलो.

काही दिवसांनी मुलीने दूध पूर्ण घेतलं. बायकोने तिला खांद्यावर घेतलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मुलीने दूध ओकलं नाही, खांदा कोरडा राहिला. खिडकीतून ऊन आत आलं, तेव्हा सासूबाईंनी उठून पडदा ओढला.