अणुभट्टीतली माझी चार वर्षं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मी केस रंगवतो हेसुद्धा जिला ठाऊक आहे, त्या बायकोलाही नाही. तुम्ही ऐका. जरा जवळ सरका.

नागपूरच्या लकडगंजात मी फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. आणि अणू मी असा शिकवतो — गर्व समजू नका — की शेवटच्या बाकावरचेही उठून पुढे येतात! मधोमध कॅरमबोर्ड ठेवायचा, सोंगट्या रचायच्या, स्ट्रायकर सण्णकन सोडायचा. एकीनं दोन उडवल्या, दोघींनी चार — नुसता आरडाओरडा! अशाच एका दुपारी, टाळ्या पडत असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी अणुभट्टीत होतो तेव्हा..."

वर्ग गप्प झाला. काय ती शांतता! कोणत्या नटाला ती सोडवली असती?

पुढे भर पडत गेली. पांढरा कोट आला. किरणोत्सर्ग मोजणारा छातीवरचा बिल्ला आला. पाण्याखालचा तो निळा उजेड — अहाहा, तो तर इतक्यांदा सांगितलाय की मला दिसतो! नागपुरात परतण्याआधी मी तिथं चार वर्षं काढली, असं ठरलं. कोणी ठरवलं? मीच.

प्रज्ञा याच बाकांवरची. एमएस्सी झाली आणि अणुसंशोधनाच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी टेबलावर चढायचाच बाकी होतो! पण तिचे बाबा अडून बसले. म्हणून ती त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

सावनेरकडच्या कोळसा खाणीत जन्म काढलेला माणूस. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून श्वास घ्यायचा.

"पोरगी जिद्द करून राहिली, सर. पन आमालेबी साहेब म्हनत होते, धुळीनं काई होत नाई. आता पाहा मले." थांबले. "तुमी तर आतमंदी होते. तुमाले काई झालं काय?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ कोणती? तिथं काय काळजी घेतात ते मी पुस्तकात वाचलं होतं; तेवढं सांगता आलं असतं. तिथं खरंच काम केलेला कोणी शोधून देता आला असता. पण त्यांना पाहायचा होता आतून धडधाकट परतलेला माणूस — आणि तो समोर बसला होता ना!

मी उठलो. हात पसरले. गोल फिरलो! "पाहून घ्या ना भाऊ, चारही बाजूनं! काही झालं काय मले?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. मग हसले, आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या चार वर्षांत मी अमरावतीला कूलर विकत होतो. अणुभट्टी मी बाहेरूनही पाहिलेली नाही. खाणीनं ज्याची छाती खाल्ली, त्या बापानं माझं अंग पाहून मुलगी पाठवली — आणि ज्या साहेबांनी त्याला एकदा फसवलं, त्यांच्यासारखाच मीही निघालो.

प्रज्ञा आता तिथं आहे. फोनवर बोलते तेव्हा आनंदानं तिचे शब्द एकमेकांवर आदळतात. त्यानं माझं खोटं खरं होतं काय?

गेल्या महिन्यात तिचे बाबा पुन्हा आले. सोबत खाणीतला दोस्त. त्याच्या मुलीलाही तिकडेच जायचंय.

"यायलेच विचार गा," ते त्याला म्हणाले. "हे आतमंदी होते."

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी दोघांना खुर्च्या दिल्या आणि सांगायला लागलो. मागच्यापेक्षा रंगवून सांगितलं.