नोटीस फाडण्याचा सीन

"नोटीस फाडणारा माणूस खरोखर परशराम आप्पाच आहे, की कुणी नट घेतलायस?" वैशाली आक्कांनी फोनवर विचारलं.

"आप्पाच आहेत," मी अभिमानानं सांगितलं. "एका टेकमध्ये ओके झाला तो सीन."

वैशाली आक्का आमच्या वकील. एरवी त्या सलग बोलतात, आता एकेक शब्द तोलून बोलत होत्या. असं झालं की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

"परवा सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या अर्जात काय लिहिलंय, आठवतंय? नोटीस कन्नडमध्ये होती, आप्पांना ती वाचता आली नाही. आणि तुझ्या ट्रेलरमध्ये ते तीच नोटीस हातात धरून वाचल्यासारखं बोलतात आणि टराटरा फाडतात. समोरच्या वकिलांकडं पोचलाय तो. त्यांच्या ज्युनियरनंच मला फॉरवर्ड केला. खाली लिहिलंय, छान अभिनय."

मी बेळगावात, खासबागेतल्या एका स्टुडिओत एडिटर आहे. लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग. हे पोटासाठी. बाकीचा वेळ कंग्राळीकडच्या शेतकऱ्यांच्या समितीसाठी. त्यांच्या शेतांतून नवा रस्ता जायचाय. कॉलेजात असल्यापासून मी समितीची पत्रकं लिहिते. पत्रकाचं एक तंत्र असतं. वर एक अन्याय, मध्ये एक खलनायक, खाली तीन मागण्या. माणूस चहा पिता पिता वाचतो आणि कप ठेवायच्या आत चिडला पाहिजे. मला ते चांगलं जमतं.

म्हणून समितीनं माहितीपट करायचं ठरवलं तेव्हा स्क्रिप्टही माझ्याकडंच आली. आमच्या भागात हिवाळ्यात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. शेतात मांडव, गावजेवण, सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून आलेले अध्यक्ष. जेवणानंतरच्या सत्रात अर्धा मांडव पेंगतो. त्या सत्रात आमची फिल्म दाखवायचं ठरलं होतं. त्याआधी हवा करायला मी ट्रेलर सोडला. ट्रेलरमध्ये सगळ्यात जोरदार सीन टाकतात. मीही टाकला.

आता खरी हकिकत सांगते. आप्पांची अडतीस गुंठे बागायत. दुसरी जमीन नाही. ती रस्त्यात जाते. अशा वेळी भूसंपादनाचं ऑफिस नोटीस पाठवतं आणि ज्याला हरकत घ्यायची त्यानं मुदतीत अर्ज करायचा असतो. आप्पा बेळगावच्या मार्केटात कोथिंबीर विकताना फर्डं कन्नड बोलतात. पण शाळा मराठी, सातवीपर्यंत. कन्नड कागद त्यांना वाचता येत नाही. ऑफिसचा माणूस नोटीस घेऊन घरी आला. आप्पांनी खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं पोच मागितली. पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही. "आधी सही करा आप्पा, आत काय आहे ते मागनं निवांत बघा," तो म्हणाला. आप्पांनी सही केली आणि कागद कॅलेंडरच्या मागं खोचला. तिथं लाइट बिल असतं, रेशनची पावती असते. मुदत तिथंच संपली.

आमचा अर्ज एवढाच होता: नोटीस समजली नाही, म्हणून उशीर झाला. उशीर माफ करा आणि हरकत ऐकून घ्या. हे मान्य झालं नाही, तर आप्पांच्या जमिनीबद्दल आप्पांचं म्हणणं कुणीही, कधीही ऐकणार नव्हतं.

आणि यातलं काहीच पडद्यावर उभं राहत नाही. एक माणूस येतो, चहा पितो, सही घेतो, जातो. कुणी ओरडत नाही. टाळी कुठं वाजवायची? आपल्याकडच्या पिक्चरमध्ये सत्तेला चेहरा असतो. गॉगल असतो, जीप असते. समोरचा गरीब माणूस शेवटी कागद फाडतो किंवा कानाखाली मारतो. कादंबरीत उलटं. तिथं तो कचेरीचे उंबरे झिजवतो आणि शेवटच्या प्रकरणात खचतो. चहा करून देणारा माणूस दोन्हीकडं नाही. मी पिक्चरचं उचललं. अधिकाऱ्याला गॉगल लावला, त्याला खदाखदा हसवलं. आप्पांच्या हातात नोटिशीची झेरॉक्स दिली, मराठीत डायलॉग पाठ करून घेतले आणि फाडायला सांगितलं.

फोन ठेवून मी मालकांकडं गेले. बसवराज अण्णा. स्टुडिओत सफारी सूट त्यांच्याचकडं होता, म्हणून अधिकाऱ्याचा रोल त्यांनी केला होता.

"त्यात काय एवढं?" अण्णा म्हणाले. "पाठवणीला नवरी नीट रडली न्हाय तर आपण परत रडवतोच की. कुठली सासू कोर्टात गेली?"

"अण्णा, ही सुनावणी कोर्टासारखीच असते. तो सीन काढावा लागेल."

"म्हणजे माझा रोलच कापतीस?"

"तुमचा रोल खोटा आहे. आप्पांच्या घरी कुणी गॉगलवाला आलाच नव्हता."

अण्णा थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "आयतु बिडु," म्हणजे झालं, सोड. "पण व्हॉट्सॲपवर गेलेलं परत कसं आणणार तू?"

ते बरोबर होतं. मी ट्रेलर सगळीकडून काढला. तरी समितीच्या ग्रुपवर तो सकाळपासून चारदा फिरून आला होता. एकानं त्यावर ढोलांचा आवाज चढवला होता.

दुपारी आप्पांकडं गेले. ते पाटाच्या कडेला मेथीच्या जुड्या बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी जुडी खाली ठेवली नाही.

"फाडा म्हणालीस, फाडलं. मला काय म्हायती, ते माझ्याच अंगावर यील म्हणून?"

"चूक माझी आहे, आप्पा."

"तुझी चूक हाय खरी. पण शेत माझं हाय न्हवं?"

त्यांची बायको, शेवंता आक्का, दारात उभी होती. "मी तवाच म्हणलं हुतं," ती म्हणाली. "ह्यांनी जन्मात लगीनपत्रिकासुदिक फाडली न्हाय. सरकारचा कागद फाडत्यात व्हय? बघणाराला खरं तरी कसं वाटलं गं?"

मी तिथूनच वैशाली आक्कांना फोन लावला.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, माझं ॲफिडेव्हिट, म्हणजे शपथेवर लिहून दिलेलं निवेदन: हा सीन मी रचला, असं काही घडलं नव्हतं. दोन, त्या सीनचं सगळं रॉ फुटेज. कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे जे रेकॉर्ड होतं ते रॉ फुटेज. त्यातला कामाचा भाग आम्ही ठेवतो, बाकीचं हार्ड डिस्कवर पडून राहतं. डिस्क भरली की ते पहिल्यांदा उडवतात. आमची डिस्क भरायला एक लग्न कमी पडलं होतं.

ॲफिडेव्हिट लिहायला बसले. सहा वर्षं मी दुसऱ्यांना खोटारडे म्हणत आले होते. आता पहिल्याच ओळीत माझं नाव आणि पुढं तेच. तरी लिहिलं. "हे दृश्य काल्पनिक असून" असा मसुदा मी केला होता. वैशाली आक्कांनी काल्पनिक खोडलं आणि खोटं लिहिलं. "स्वच्छ लिही," म्हणाल्या. "तू पत्रकात लिहितेस तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी फुटेज बघायला बसलो. सीनच्या आधीचा तुकडा मी एडिटच्या वेळी दोन सेकंदांत पुढं ढकलला होता. आता पूर्ण पाहिला. आप्पा ओट्यावर उभे आहेत. हातात झेरॉक्स. ते कागद डोळ्यांपासून लांब धरतात, जवळ आणतात, पालटून मागची बाजू बघतात. मग कॅमेऱ्याच्या शेजारी, म्हणजे माझ्याकडं बघून विचारतात, "ह्यात लिवलंय काय गं?"

आणि माझा आवाज येतो. "ते मागनं सांगते, आप्पा. आधी फाडा. जरा रागानं."

अण्णांनी प्लेअर थांबवला. "सापडलं की," ते म्हणाले. "आता सुटलो."

व्हय, सापडलं होतं. आप्पांना कागद वाचता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता. मी मात्र माझा आवाज ऐकत होते. ऑफिसचा माणूसही आप्पांना हेच म्हणाला होता. त्याला सही हवी होती. मला सीन हवा होता. कागदात काय लिहिलंय ते सांगायला दोघांनाही वेळ नव्हता.

सुनावणीला समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणं ट्रेलर लावला. सुनावणी घेणारे अधिकारी तरुण होते. गॉगल नव्हता. आत आल्यावर आप्पांना त्यांनी स्वतः खुर्ची दाखवली होती. ट्रेलरमधल्या अण्णांचं हसणं संपेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकलं. मग वैशाली आक्कांनी माझं ॲफिडेव्हिट दिलं आणि तो तुकडा दाखवला. "जरा रागानं" आल्यावर थांबवला.

अधिकाऱ्यांनी मला पुढं बोलावलं. कन्नडमध्ये विचारलं, "हा आवाज तुमचा?"

"हो, सर."

"एवढं तुम्ही खोटं दाखवलंत. मग फिल्ममधलं बाकीचं खरं कशावरून?"

मला राग आला. राग यायला जागाच नव्हती, तरी आला. मी म्हणाले, "बाकीचं तुम्ही तपासून घ्या, सर." तेवढंच सुचलं.

त्यांनी क्लार्कला नोटीस आप्पांना मराठीत समजावून सांगायला सांगितलं. क्लार्कनं कंटाळत सांगितली. आप्पांनी मध्येच दोनदा थांबवलं. "परत एकदा सांगा की." गट नंबर ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. उशीर माफ झाला. हरकत दाखल करून घेतली. मुदत त्या दिवसापासून धरली.

हा विजय नव्हे. जमीन वाचली असं मी पत्रकात लिहिलेलं नाही, इथंही लिहिणार नाही. हरकतीवर निर्णय व्हायचाय. आता आप्पांचं म्हणणं फाइलमध्ये आहे, एवढंच झालं.

संमेलनात फिल्म दाखवली. सकाळी परिसंवाद झाला होता, साहित्यातली सत्ता आणि सामान्य माणूस. तिघं वक्ते छान बोलले. सामान्य माणसाला तिघांनीही चिरडलं. फिल्ममध्ये मी फाडण्याचा सीन काढला आणि त्या जागी तो न कापलेला तुकडा ठेवला, माझ्या आवाजासकट. समितीतल्या दोघांनी आवाज तरी काढ म्हणून सांगितलं. मी काढला नाही. मांडवात टाळी पडली नाही. मागून एक जण म्हणाला, "हिरोच विचारतोय काय लिवलंय, हा कसला पिक्चर?" पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी घरी गेल्यावर कॅलेंडरच्या मागं बघतो म्हणून सांगितलं. अण्णा रुसून आलेच नव्हते.

या धंद्यात येणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. केस संपेपर्यंत रॉ फुटेज उडवू नका. आणि कॅमेऱ्यासमोरच्या माणसानं कागदात काय लिहिलंय असं विचारलं, तर कॅमेरा बंद करा आणि त्याला तो वाचून दाखवा. सीन हुकला तर हुकू द्या.